बिनविरोध : नाशिकची १९६३ ची पोटनिवडणूक

‘पोटनिवडणूक’ हा शब्द मराठीने मोठ्या नेमकेपणाने घडवला आहे. पोटभाडेकरू, पोटजात, पोटकलम, पोटनियम यांच्या पंगतीत तो सहज बसतो. मुख्य गोष्टीच्या पोटात राहणारी, तिच्याच आधाराने जगणारी, तरीही स्वतंत्र नोंद मागणारी अशी ती गोष्ट. सार्वत्रिक निवडणुकीवर ग्रंथ लिहिले जातात. पोटनिवडणुकीच्या वाट्याला बहुधा तळटीप येते. त्यातही जी पोटनिवडणूक मतदानापर्यंत पोचलीच नाही तिला तळटीपही अर्ध्या ओळीची मिळते. १९६३ साली नाशिक लोकसभा मतदारसंघातून यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले, हे वाक्य आपण चरित्रांत, गौरवग्रंथांत, पुण्यतिथीच्या लेखांत वाचलेले असते आणि पुढच्या वाक्याकडे वळलेले असतो. प्रस्तुत लेखात त्या वाक्यापाशीच थोडे थांबायचे आहे.

लोकसभेची जागा मध्येच रिकामी होण्याची कारणे आपल्याकडे ठरलेली आहेत. मृत्यू, राजीनामा, अपात्रता आणि दुसऱ्या पदावर जाणे. वयोमानाने निवृत्ती हे कारण दप्तरात जवळजवळ आढळतच नाही. ‘राजकीय संन्यासा’ची भाषा होते खरी, पण तो संन्यास बहुधा पुढच्या उमेदवारीपर्यंत टिकतो. त्यामुळे जुना माणूस गेला आणि त्याच्या जागी कोण, या प्रश्नाला आपल्या राजकारणात नेहमी एक प्रकारची घाई चिकटलेली असते. नाशिकचे गोविंद हरी देशपांडे हे जुन्या पिढीतले काँग्रेसनेते. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते नाशिक मध्य मतदारसंघातून गेले होते, १९६२ च्या तिसऱ्या लोकसभेत नाशिकमधून. त्यांच्यानंतर रिकामी झालेली जागा १९६३ मध्ये भरायची होती, आणि ती भरताना जी घाई झाली तिचे कारण नाशिकमध्ये नव्हते. ते हिमालयात होते.

पण तेथे जाण्याआधी १९५७ कडे वळावे लागेल. १९५२ आणि १९६२ या दोन विजयांच्या मधली निवडणूक काँग्रेसने नाशिकमध्ये गमावली होती. १९५७ साली नाशिकने लोकसभेवर पाठवले ते भाऊराव कृष्णराव गायकवाड यांना, म्हणजे दादासाहेब गायकवाडांना. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेब आंबेडकरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा माणूस त्याच शहराचा खासदार होतो, ही घटना एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेजारच्या मालेगाव मतदारसंघात त्याच वर्षी प्रजासमाजवादी पक्षाचे यादव नारायण जाधव विजयी झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मराठी मुलूख ढवळून निघाला होता आणि नाशिक जिल्हा त्या घुसळणीच्या बाहेर नव्हता.

त्या वेळी यशवंतराव चव्हाण कोठे होते? ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू, या आशयाचे त्यांचे फलटणचे भाषण लोक विसरले नव्हते. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये निघाला आणि त्याच्या तोफेच्या टप्प्यात चव्हाण सतत राहिले. १९५७ च्या विधानसभा निवडणुकीत खुद्द कराडमध्ये ते अगदी थोडक्या मतांनी तरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा समितीने काढलेला मोर्चा आणि तो हाताळताना चव्हाणांनी दाखवलेला संयम हा मराठी राजकारणाच्या इतिहासातला एक देखणा प्रसंग मानला जातो. विरोधक समोर होते, रस्त्यावर होते, मोजता येत होते. चव्हाणांचे मोठेपण घडले ते या विरोधाच्या सहवासात, असे मला वाटते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि विरोधाचे मुख्य कारणच संपले. १९६२ च्या निवडणुकीत राज्यातील ४४ लोकसभा जागांपैकी ४१ काँग्रेसकडे गेल्या, विधानसभेच्या २६४ पैकी २१५. नाशिकही परत आले. दादासाहेब गायकवाड लोकसभेतून राज्यसभेत गेले.

म्हणजे बिनविरोध निवडीची जमीन युद्धाच्या आधीच नांगरून ठेवलेली होती.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यावर टीकेचे मोहोळ उठले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. नेहरूंनी चव्हाणांना बोलावले. चव्हाण दिल्लीत पोचले आणि त्याच सुमारास चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. महाराष्ट्रात मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने या रूपकाकडे जरा निरखून पाहावे. त्यात एका डोंगराच्या हाकेला दुसरा डोंगर ओ देतो. माणसे त्यात नाहीत, पक्ष नाहीत, मतपेटी नाही. डोंगर निवडणूक लढवत नाही आणि डोंगराविरुद्ध कोणी अर्जही भरत नाही. चव्हाणांच्या दिल्लीगमनाला हे रूपक मिळाले त्या क्षणी त्यांची पुढची निवडणूक जवळजवळ ठरून गेली, असे म्हटले तर ते फारसे अलंकारिक होणार नाही.

राज्यघटनेच्या पंचाहत्तराव्या कलमाप्रमाणे मंत्री झालेल्या व्यक्तीला सहा महिन्यांच्या आत संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचे सदस्य व्हावे लागते. चव्हाण तोपर्यंत कराडचे आमदार होते. पण देशाचा संरक्षणमंत्री, तोही पराभवानंतर नेमलेला, लोकांनी निवडलेल्या सभागृहात असावा ही अपेक्षा नियमाच्या पलीकडची होती. नाशिकची जागा रिकामी होती. देवळालीच्या तोफखाना प्रशालेमुळे नाशिकचे सैन्याशी जुने नाते होते, भोसला सैनिकी शाळा तेथे १९३७ पासून होती. कराडचा माणूस नाशिकमध्ये परका ठरला नाही. रिंगणात दुसरा उमेदवार उरला नाही आणि चव्हाण निवडून आले.

‘निवडून आले’ हे क्रियापद येथे थोडे अडखळते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या त्रेपन्नाव्या कलमात तरतूद आहे की उमेदवारांची संख्या जागांच्या संख्येइतकीच असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्या उमेदवारांना तत्काळ निर्वाचित घोषित करावे. कायद्याच्या दृष्टीने हा पूर्ण विजय आहे, त्यात कमअस्सल काही नाही. पण इतिहासलेखकाच्या दृष्टीने पाहा. लढवलेल्या निवडणुकीचा मागे केवढा पसारा राहतो! जाहीरनामे, भिंतींवरच्या घोषणा, सभांचे वृत्तांत, एकमेकांवरचे आरोप, गावागावांत कोण कोणाच्या बाजूने बोलला याच्या आठवणी, आणि शेवटी मतांचा तक्ता. पराभूताला मिळालेली मते ही त्या तक्त्यातली सर्वांत बोलकी नोंद असते. त्या काळी समाज काय नाकारत होता, कशावर रुसला होता, हे तिथे अंकांत लिहिलेले असते. बिनविरोध निवडणुकीत हा रकानाच नाही. एक अर्ज, एक छाननी, एक घोषणा. एका अख्ख्या मतदारसंघाचे त्या वर्षीचे मन एका कोऱ्या कागदावर आहे, आणि तो कागद आपण ‘एकमुखी पाठिंबा’ म्हणून वाचत आलो.

या वाचनाला आपल्या भाषेनेही हातभार लावला आहे. ‘बिनविरोध’ हा शब्द जरा फोडून पाहू. विरोध संस्कृतातला, त्यामागे लागलेले ‘बिन’ बोलीत रुळलेले, दरबारी आणि बाजारी दोन्ही वळणांचे. हे ‘बिन’ मराठीत ज्या शब्दांना लागते ते आठवावेत : बिनचूक, बिनधोक, बिनतक्रार, बिनबोभाट, बिनदिक्कत. चूक, धोका, तक्रार, बोभाटा, दिक्कत या सगळ्या नकोशा गोष्टी. त्या नसल्या की काम चांगले झाले. याच रांगेत ‘बिनविरोध’ येऊन बसला की विरोध हीदेखील आपोआप एक अडचण ठरते, टळली तर बरीच. बिनपाण्याची हजामत किंवा बिनभाड्याचे घर अशी उलट्या चवीची उदाहरणे आहेत, पण त्यांची संख्या थोडी. निवडणुकीच्या बातमीत ‘बिनविरोध’ हा शब्द वाचताना मराठी वाचकाच्या मनात समाधानाची एक छटा उमटते आणि ती त्याच्या राजकीय मतांच्याही आधीची असते. गावच्या ग्रामपंचायतीपासून साहित्य संस्थांच्या कार्यकारिणीपर्यंत आपण हा शब्द शाबासकीसारखा वापरतो. (साहित्य संस्थांचा उल्लेख सहेतुक आहे. तेथली बिनविरोध निवड कशी घडवली जाते हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको.)

आता त्याच वर्षी देशात इतरत्र काय चालले होते ते पाहिले पाहिजे. त्याशिवाय नाशिकच्या कोऱ्या कागदाचा अर्थ लागत नाही. १९६३ च्या उन्हाळ्यात उत्तरेत आणि गुजरातेत झालेल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकांनी काँग्रेसला हादरा दिला. अमरोह्यातून आचार्य कृपलानी केंद्रीय मंत्री हाफिज मोहम्मद इब्राहिम यांना हरवून आले. फर्रुखाबादमधून डॉ. राममनोहर लोहिया आले. राजकोटमधून स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी आले. जौनपूरला जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय मात्र पराभूत झाले. म्हणजे युद्धानंतरचा राग होता, तो मतपेटीत उतरत होता, आणि तो सरसकट नव्हता. मतदार माणूस पाहून, जागा पाहून निवड करत होता. कृपलानींची कथा तर आपल्याशी थेट जोडलेली आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध ते उभे होते आणि मोठ्या फरकाने हरले होते. त्या लढतीत कृपलानींनी चीनच्या प्रश्नावर मेनन यांना घेरले होते. मतदारांनी तेव्हा ते ऐकले नाही. वर्ष उलटण्याच्या आत मेनन गेले आणि चव्हाण आले. आणखी काही महिन्यांनी कृपलानी अमरोह्याहून लोकसभेत पोचले, आणि ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला हा पहिला अविश्वास ठराव. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, पण त्या निमित्ताने लोहियांनी सामान्य माणसाच्या रोजच्या तीन आण्यांच्या मिळकतीचा प्रश्न सभागृहात उभा केला आणि त्याचे उत्तर देताना सरकारची दमछाक झाली. या चर्चेत विरोधी बाकांवर अमरोहा आणि फर्रुखाबादचे लढून आलेले खासदार बसले होते.

नाशिकच्या मतदाराला सांगण्यासारखे काहीच नव्हते, असे मानायला जागा नाही. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले. चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. चौदा कॅरेटचे मंगळसूत्र ही कल्पना मराठी घरात कशी वाटली असेल ते सांगण्याची गरज नाही. पण प्रश्न केवळ लग्नघरांचा नव्हता. देशभर लक्षावधी सोनारांचा हात रिकामा झाला, कित्येकांवर व्यवसाय सोडण्याची पाळी आली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बागेसरी पेटत होती त्याने करायचे काय? नाशिकचा सराफ बाजार जुना आणि नावाजलेला. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी सोनारआळी होती, सटाण्यासारख्या बाजारपेठेच्या गावीही सराफीची पेढी होती. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सक्तीच्या ठेवीची योजना आली. युद्धाचा खर्च भागवायचा होता, हे खरे. आणि हेही खरे की काहीच आठवड्यांपूर्वी, राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी याच बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या होत्या. स्वखुशीने सोने देणारा समाज आणि सोन्यावरच्या बंदीने पोळलेला समाज हा एकच होता. त्याच्या मनातली ही दुपदरी अवस्था एखाद्या लढतीत कशी प्रकट झाली असती, चव्हाणांना कोणत्या प्रश्नांची उत्तरे सभांतून द्यावी लागली असती, किती मते विरुद्ध पडली असती, याचा अंदाज बांधता येईल, पण तो अंदाजच राहील. राजकोटच्या मतदाराने काय म्हटले ते आपल्याला ठाऊक आहे. नाशिकचा मतदार इतिहासात त्या वर्षापुरता मुका आहे.

याची दुसरी बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. विरोधकांनी त्या वेळी लढत टाळली यात भित्रेपणा नव्हता; पराभूत सैन्याची पुनर्बांधणी करायला निघालेल्या माणसाला जिल्ह्याजिल्ह्यात मते मागत फिरायला लावू नये, ही भावना खरी होती आणि तिला मराठी सौजन्याचा एक रंग होता. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या त्याच्यासाठी बाजूला होणे ही लहान गोष्ट नव्हे. चव्हाणांनीही त्या विश्वासाला तडा जाऊ दिला नाही. सैन्याचा विस्तार, नव्या डोंगरी तुकड्या, सेनाधिकारी आणि मंत्रालय यांच्यातला तुटलेला संवाद पुन्हा जोडणे ही कामे त्यांनी केली. सप्टेंबर १९६५ मध्ये छांबच्या आघाडीवर हवाई दल उतरवण्याचा निर्णय त्यांनी तातडीने घेतला, हे त्या काळावरच्या सर्व गंभीर लेखनात नोंदलेले आहे. नाशिकला या नात्याचे फळ मिळाले ते ओझरला. सोव्हिएत सहकार्याने मिग विमाने बनवण्याचा कारखाना १९६४ मध्ये तेथे उभा राहू लागला आणि द्राक्षांच्या, कांद्याच्या या जिल्ह्यात अभियंत्यांची एक नवी वसाहत वसली. कोणी म्हणेल की लढत झाली असती तरी हे सारे झालेच असते. झालेच असते. म्हणून तर प्रश्न चव्हाणांच्या कर्तृत्वाचा नाही; तो आपण त्या घटनेची आठवण कशी ठेवली याचा आहे.

आठवण ठेवण्याच्या या पद्धतीला आमच्या बागलाणात एक जुना नमुना आहे. मुल्हेरच्या, म्हणजे मयूरगिरीच्या बागुल राजांच्या आश्रयाने रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. वंशाचा उगम, पराक्रम, राजाचे गुण अशी त्याची जात. बागलाणाच्या इतिहासासाठी ते अनमोल साधन आहे, कारण दुसरी साधने फार थोडी आहेत. पण वंशकाव्यात विरोधक असतो तो जिंकण्यापुरता; त्याची बाजू नसते, त्याचा आवाज नसतो. त्यानंतर अर्धशतकही लोटले नाही तोच १६३८ मध्ये मोगलांनी बागलाण घेतले, आणि त्या काव्यावरून ही पडझड कोणाच्याही ध्यानी आली नसती. चव्हाणांच्या नाशिकपर्वावरचे पुष्कळसे मराठी लेखन याच जातीचे आहे. भाषा प्रासादिक, भाव प्रामाणिक, आणि सोनार मात्र कुठे दिसत नाही. सटाण्याच्या देवमामलेदारांची गोष्टही येथे आठवते. यशवंत महादेव भोसेकर या मामलेदारांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटला, आणि तपासणीच्या वेळी तो भरलेलाच निघाला, असे लोककथा सांगते. लोकांनी त्यांना देव केले, आजही मार्गशीर्षात सटाण्याला त्यांची यात्रा भरते. कथेला हिशेब जुळलेला हवा असतो. खजिना खरोखर कमी भरला असता तर त्या माणसाचे धैर्य आणखी मोठे ठरले असते, असे आमच्यासारख्या शंकेखोरांना वाटते. पण यात्रेला जाणाऱ्याला ते पटवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

चव्हाणांनी स्वतः या घटनेविषयी काय लिहिले असते? त्यांचे आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ १९८४ च्या आरंभी प्रसिद्ध झाले आणि ते १९४६ पाशी थांबते. मुंबईच्या वर्षांवर ‘सागरतीर’ आणि दिल्लीच्या वर्षांवर ‘यमुनाकाठ’ असे पुढचे दोन खंड त्यांच्या मनात होते. ते लिहून झाले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. नाशिकची निवडणूक त्या तिसऱ्या खंडात आली असती. ‘कृष्णाकाठ’ वर्गात शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे की त्यातले चव्हाण मतभेदांविषयी विलक्षण मोकळेपणाने लिहितात : रॉयवादाचे आकर्षण, त्यापासून दूर होणे, सत्यशोधक वातावरणाशी आणि काँग्रेसमधल्या ब्राह्मणी वर्चस्वाशी एकाच वेळी चाललेला आतला झगडा. ज्या लेखकाला स्वतःच्या मनातला विरोधक इतका नीट दाखवता येत होता त्याने बिनविरोध विजयाकडे कसे पाहिले असते, ही हुरहुर मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासकाला लागून राहते. १९६५ च्या युद्धकाळातील त्यांच्या टिपणांवर आधारलेले पुस्तक राम प्रधान यांनी पुढे प्रसिद्ध केले. त्यातला संयत, कमी शब्दांचा माणूस पाहिला की ही हुरहुर वाढतेच.

आणि मग १९६७ आले. सार्वत्रिक निवडणुकीत चव्हाण साताऱ्यातून उभे राहिले, आपल्या घरच्या मातीतून, आणि अखेरपर्यंत तेथलेच प्रतिनिधी राहिले. नाशिकमधून काँग्रेसचे भानुदास कवडे निवडून गेले. या साध्या घटनेचा एक परिणाम कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. लोकसभेत नाशिकचे प्रतिनिधित्व करूनही नाशिकच्या एकाही मतदाराने यशवंतराव चव्हाणांच्या नावासमोर लोकसभेसाठी कधी शिक्का मारला नाही. त्यांच्या विरुद्धही मारला नाही. जिल्ह्याच्या सार्वजनिक स्मृतीत त्यांच्याइतका मोठा खासदार दुसरा नाही, आणि तो मतपत्रिकेवर कधी आलाच नाही. १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले ते त्यांच्या नावाने. पत्राद्वारे शिकून पदवी घेणाऱ्या सटाण्या-कळवणच्या हजारो मुलींच्या गुणपत्रिकेवर आज ते नाव आहे. त्यांच्या आजोबांच्या मतपत्रिकेवर ते नव्हते.

सटाण्याच्या आजोबांच्या मतपत्रिकेवर तर ते येणेच शक्य नव्हते. बागलाण तालुका नाशिक लोकसभा मतदारसंघात नव्हता. तो मालेगावकडे होता. तरीही ‘नाशिक जिल्ह्याने यशवंतरावांना बिनविरोध निवडून दिले’ असे म्हटले जाते तेव्हा सटाणा, कळवण, मालेगाव सारेच त्या श्रेयात धरले जातात आणि कोणी हरकत घेत नाही. मतदान झाले नाही म्हणून मतदारसंघाची सीमाही पुसट झाली. लढत झाली असती तर निफाडने काय केले, सिन्नरने काय केले याचा हिशेब निघाला असता आणि आम्ही बागलाणकर प्रेक्षक होतो हे स्पष्ट राहिले असते. श्रेयाच्या पंगतीत सगळे बसले, कारण वाढप्याने ताटे मोजलीच नाहीत.

ज्यांच्या जागी चव्हाण गेले त्या कृष्ण मेननांचे काय झाले, तेही याच सुमारास महाराष्ट्रात घडले. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत उमेदवारी नाकारली, ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांचे निवडून येताच थोड्या दिवसांत निधन झाले. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले आणि बर्वे यांच्या भगिनी तारा सप्रे यांच्याकडून पुन्हा हरले. दोन वेळा नाकारला गेलेला हा माणूस आपल्या राजकीय इतिहासात अंकांसह उभा आहे. त्याला किती जणांनी हवा म्हटले, किती जणांनी नको म्हटले, हे सांगता येते.

त्यानंतर ‘बिनविरोध’ या शब्दाचा प्रवास कोठवर आला? २०१२ मध्ये कन्नौजच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डिंपल यादव बिनविरोध आल्या. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सुरतचे मुकेश दलाल मतदानाआधीच खासदार झाले. तेथे प्रतिस्पर्ध्याचा अर्ज बाद झाला आणि उरलेल्यांनी माघार घेतली. कोणत्याही युद्धाची छाया त्या दोन्ही निवडींवर नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने मतदाराला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मिळाला, पण एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही आणि तो पर्यायही यंत्रात बंद राहतो. तो उघडा राहिला तर काय होते याचा नमुना २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या विधानसभा पोटनिवडणुकीत पाहायला मिळाला. आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके उभ्या होत्या, भाजपने महाराष्ट्राच्या परंपरेचा हवाला देत उमेदवार मागे घेतला, काही अपक्ष मात्र राहिले आणि मतदान झाले. लटके मोठ्या फरकाने जिंकल्या. दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता. १२,८०६ मतदारांनी ‘कोणीही नाही’ची कळ दाबली होती. सौजन्याच्या त्या पोटनिवडणुकीतही एवढे लोक काही तरी सांगू पाहत होते. का, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, यावर वाद घालता येतो. वाद घालायला आकडा तर आहे.

आमच्या शेजारची गोष्ट याहून निराळी. देवळा तालुक्यातले उमराणे हे कांद्याच्या बाजारपेठेचे गाव. तेथील जानेवारी २०२१ ची ग्रामपंचायत निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून पदांचा जाहीर लिलाव झाला, मंदिराच्या बांधकामासाठी दोन कोटींहून अधिक रकमेची बोली लागली. चित्रफिती सर्वत्र फिरल्या आणि राज्य निवडणूक आयोगाने उमराण्याची व नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. लिलावाला जमलेल्या गावकऱ्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नव्हते. गावात तंटा नको, पैसा देवाच्या कामी लागावा आणि सारे बिनबोभाट पार पडावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९६३ च्या नाशिकशी या लिलावाची तुलना करणे चव्हाणांवर घोर अन्याय करणारे ठरेल, आणि तशी तुलना येथे करायचीही नाही. मात्र दोन्हीकडे शब्द एकच वापरला गेला आणि दोन्हीकडे तो अभिमानाने उच्चारला गेला, याची नोंद भाषेच्या अभ्यासकाने तरी घ्यावी.

बागलाण २००९ पासून धुळे लोकसभा मतदारसंघात आहे. २०२४ मध्ये तेथे डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मतमोजणीच्या संध्याकाळी सटाण्याच्या चौकात लोक फेऱ्यांचे आकडे कागदावर उतरवून घेत होते आणि कोणत्या तालुक्याने कोणाला किती दिले यावर रात्री उशिरापर्यंत भांडत होते.